मास्तरांचा रडका पंखा

मी कॉलेजात होते तोवर आमचं घर म्हणजे एका यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची खोली होती. मंद्रूपच्या पलीकडं आमची मेंढरं होती. लागोपाठ दोन उन्हाळे चारापाणी मिळालं नाही, निम्मी मेंढरं खोकून खोकून मेली, उरलेली वडिलांनी बाजारात उभी केली आणि आम्ही सोलापुरात आलो. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर लागले. टॉवेलचे चार माग एकटे बघायचे, बारा तास उभं राहून. आई त्याच टॉवेलांच्या कडा शिवायची. ज्या आठवड्यात शिलाई मशिनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, त्याच आठवड्यात शाळेनं विचारलं, मुलीला पुढं शिकवायचं आहे का. आई डाव्या हातानं भाकरी थापत होती. म्हणाली, "शिकू दे. हितं एकीचं बोट गेलं तेवढं बास."

भिंतीपलीकडं माग चालू असायचे, त्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. "मीठ दे" हेसुद्धा ओरडून. मी कविता पाठ करायची तीही ओरडून, कारण स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू यायचा नाही. सुट्टीच्या वारी माग बंद असले तरी आम्ही ओरडतच राहायचो, आणि पाहुणे आले की त्यांना वाटायचं, यांच्यात भांडण लागलंय.

त्या खोलीतून मी बी.एस्सी. झाले. कॉम्प्युटर सायन्स. आईच्या बाजूनं बघा नाहीतर वडिलांच्या, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगते. का सांगू नये?

अशा गुर्मीत मी एका चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, आणि पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझी डिग्री उलटी करून बघितली.

मी ती प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून नेली होती. मालकांनी नुसती नजर टाकली आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. तिथं एक वाळका, उंच माणूस बसला होता. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्यानं हात पुढं केला, डिग्री घेतली, पुढची बाजू वाचलीच नाही, सरळ पालथी केली आणि उजेडाला धरली.

"मागं कोरं हाय."

"मागं कोरंच असतं, सर."

"सर न्हाय, मास्तर. आणि मागं कोरं म्हणजे छापलेलं हाय, विणलेलं न्हाय. धुतल्यावर जातंय." फाइल परत देत म्हणाले, "बस, बिड्डा. घाबरू नको. माझ्याकडं तर छापलेलं पण न्हाय."

बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. घरी ते तेलुगूच बोलायचे. आजोबा तेलंगणातून हातमाग डोक्यावर घेऊन आले, असं ते सांगायचे. मला मात्र त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता की घरी जाऊन मी आईला म्हणाले, तो म्हातारा असेपर्यंत मी तिथं टिकत नाही. टिकले. शेवटी त्या खोलीत तेच टिकले नाहीत.

मास्तर म्हणजे कारखान्याचे डिझाइन मास्तर. चादरीवर जो मोर दिसतो, जी वेल वळते, ती आधी कुणीतरी एकेका धाग्यानं मांडून ठेवावी लागते: हा धागा वर, हा खाली. मास्तर या धंद्यात चाळीस वर्षं होते. सुरुवातीला मागावर होते, मग माग दुरुस्त करणारे जॉबर झाले, मग चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलनं डिझाइन काढायला लागले, आणि पुढं मालकांनी कॉम्प्युटर आणल्यावर तेच काम त्यावर. आमची चादर दोन्ही बाजूंनी वापरतात. एका बाजूला लाल मोर असला तर दुसऱ्या बाजूला तोच मोर पांढरा. म्हणून मास्तर कुठलीही गोष्ट पालथी केल्याशिवाय खरी मानत नसत. लग्नाची पत्रिका आली, पालथी. माझ्या आईनं डब्यात दिलेली कडक भाकरी, पालथी. एकदा मालक रागावून काहीबाही बोलून गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "एवढ्या माणसाला उलटं करून बघता येत न्हाय बघ. पोट आडवं येतंय."

शर्टाच्या कॉलरला बोट लावून ते सांगायचे, सूत कुठलं, रंग किती धुण्यांचा. मी दिवाळीला नवा ड्रेस घालून गेले तर म्हणाले, "चांगला हाय. होळीपर्यंत."

पण मास्तरांचा खरा वेडेपणा आवाजाचा होता. आवाज म्हणजे मोठा आवाज नाही. शेजारच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम आदळायचे, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना त्रास व्हायचा तो बारीक आवाजाचा. पूर्वी ते राहायचे त्या घरासमोर विजेचा ट्रान्सफॉर्मर होता. तो रडतो, म्हणून त्यांनी वीज ऑफिसात इतके अर्ज दिले की तिथल्या बाबूनं शेवटी यांनाच खुर्ची देऊन विचारलं, "काका, तुमच्या घरी कुणी आहे का सांभाळायला?" मग त्यांनी घर बदललं. नव्या घरात शेजाऱ्याची पाण्याची मोटर रडायला लागली. पुन्हा घर बदललं. तिथं तर घरातला स्वतःचा फ्रिजच रडायला लागला. मास्तरांनी फ्रिज विकून टाकला. विधवा मुलगी आणि तिचं लहान लेकरू त्यांच्याजवळच राहायचं, तिनं चार दिवस अबोला धरला. सगळा कारखाना हसला. मीही हसले. "मास्तर, फ्रिजनंतर आता कुणाचा नंबर?" असं शेडमधले लोक मुद्दाम विचारायचे.

नंबर कॉम्प्युटरचा होता.

ते मशिन वीसेक वर्षांचं. त्याच्या बोर्डावर मधोमध एक चिप होती, बाकीच्या भागांची आपसांतली देवाणघेवाण तिच्यातून चालायची. ती तापते, म्हणून तिच्या डोक्यावर एक छोटा पंखा बसवलेला, दोन बोटांएवढा रुंद. मोठा पंखा घरघरतो. हा किंचाळायचा. डास कानाशी येऊन थांबावा आणि चावूच नये, तसा बारीक, सरळ, न संपणारा आवाज. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं होतं रडका.

"आलीस? रडका सकाळपासून रडलालंय बघ."

एक लांब स्क्रूड्रायव्हर त्यांच्याजवळ कायम असायचा. त्याचं टोक मशिनच्या पत्र्याला लावायचे आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. मागाचं कुठलं बेअरिंग गेलंय हे जॉबर लोक असंच ओळखतात, कारण शेडमध्ये कानाचा उपयोग नसतो, हाडानं ऐकावं लागतं. मास्तर पाच-पाच मिनिटं तसे बसायचे, एखादा डॉक्टर आपल्याच नातेवाइकाला तपासतो तसे. मग म्हणायचे, "तेल मागतोय."

आणि दर सोमवारी आम्ही त्याला तेल द्यायचो. मागाचंच तेल. झाडूचा हीर बुडवून एक थेंब पंख्याच्या मधोमध. मास्तरांनी दाखवलं आणि मी केलं. मी बी.एस्सी., तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझे वडील रोज सकाळी मागाला तेल देऊनच दिवस सुरू करायचे. जे किंचाळतं त्याला तेल द्यायचं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेली माणसं. तेल दिलं की रडका दोन दिवस गप्प बसायचा आणि मास्तरांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा व्हायचा. पण कधी कधी रडका साफ गप्प असला तरी मास्तर मान हलवायचे. "न्हाय. आत रडतोय. तुला येत न्हाय ऐकू, तुझे कान कवळे हायत." मी म्हणायची, बरं.

मग मालकांनी सांगितलं की खोली रिकामी करायची. नवे माग येणार होते, त्यांना डिझाइन बाहेरगावाहून तयार येणार होत्या. मालक काही वाईट माणूस नव्हते. ते स्वतः खोलीत आले, उभ्या उभ्या बोलले, मास्तरांकडं बघायचं टाळत बोलले. महिनाअखेरीला इथं पॅकिंगचं टेबल बसेल. मशिन भंगारात जाईल. मास्तरांनी घरी आराम करावा.

मास्तर इतकंच म्हणाले, "आणि आतलं?"

"आतलं म्हणजे?"

"डिझाइनी."

मालक म्हणाले, "मास्तर, आता मोर कोण घेतंय? लोकांना चायनीज ब्लँकेट पाहिजे. काढून घ्या की तुम्हाला काय पाहिजे ते."

काढून घ्या म्हणणं सोपं होतं. ज्या कंपनीनं ते डिझाइनचं सॉफ्टवेअर दिलं होतं ती कधीच बंद पडली होती. ते सॉफ्टवेअर ज्या बोर्डावर पहिल्यांदा चढवलं त्याच बोर्डावर चालायचं. मी फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन बघितल्या, एकही उघडली नाही. एकच वाट होती: त्याच मशिनवर एकेक डिझाइन उघडायची, तिचं चित्र करायचं, ते बाहेर काढायचं. एकेकीला अर्धा-पाऊण तास. मोठ्या चादरीला त्याहून जास्त.

मालक गेल्यावर मास्तर पडद्याकडं तोंड करून बसले. मग माझ्याकडं न वळता म्हणाले, "बिड्डा, चाळीस वर्षं केलं. चादरी लोकांनी पांघरल्या, फाडल्या, त्याची फरशी पुसायची फडकी केली. कागद होते ते उंदरांनी खाल्ले. जे हाय ते ह्या डब्यात हाय. हे गेलं तर मी हितं काय करलालो होतो म्हणून कुणी विचारलं, तर दाखवायला काय न्हाय."

मी म्हणाले, "मी काढते सगळ्या. एकही ठेवत नाही."

बोलून गेले. दुसऱ्याच दिवशी मशिन अडकलं.

वीस मिनिटं चाललं की पडदा गोठायचा. बंद करून थंड होऊ दिलं की पुन्हा वीस मिनिटं. एकही डिझाइन पूर्ण बाहेर येईना. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मी डबा उघडून बॅटरीचा उजेड पाडला आणि पंख्याकडं नीट बघितलं, वर्षभरात पहिल्यांदा. तो फिरतच नव्हता. मधेच थरथरायचा, किंचाळायचा, थांबायचा. मी चिमट्यानं आत खेचलं तर काळं, चिकट, जाड काहीतरी लांबच्या लांब बाहेर आलं.

आमच्या कारखान्यात हवेत सतत सुताची रुई तरंगते. पापण्यांवर बसते, चहावर बसते. ती पंख्यात जात होती आणि आम्ही दर सोमवारी तिच्यावर तेल सोडत होतो.

मास्तरांनी ते हातात घेतलं, बोटांत वळलं आणि म्हणाले, "वात हाय ही." मग ती टेबलावर ठेवून म्हणाले, "मीच लावली."

"आपण दोघांनी," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, खरंच दोघांनी. त्यांचं तरी शिक्षण नव्हतं. मला कॉलेजात पंख्यावर एक अख्खं प्रॅक्टिकल होतं.

तसला पंखा सोलापुरात मिळेना. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं गेले तर तो बोर्डाचा फोटो बघून हसला. "ताई, ह्याला आता मूठमाती द्या की. बोर्ड बदला."

"बोर्ड बदलायचं नाही. हेच चालवायचंय. महिनाभर."

"मग पंखा कशाला बसवताय? तुमच्या रुईत तो पुन्हा मरणार. नुसतं हीटसिंक बसवा. बिनपंख्याचं. फिरायलाच काय नाही तर अडकेल काय?" त्यानं भंगारातल्या एका मेलेल्या बोर्डावरून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा काढून दिला. खाली सपाट तळ, वर उभ्या पात्यांच्या रांगा. उष्णता पात्यांत चढते आणि हवेत जाते. आवाज नाही, तेल नाही.

मास्तरांनी तो बघितला आणि कित्येक दिवसांनी हसले. "ही तर फणी हाय की!" मागावर उभे धागे ज्या फणीतून जातात, तसाच दिसत होता तो. "हिला रोज कुंचला मारायचा, रुई बसू द्यायची न्हाय. हे मला जमतंय."

पण ती फणी उंच होती. चिपच्या बरोबर वरून पडद्याचं कार्ड आडवं जायचं, ते बसेना. मास्तरांनी ठोकळा घरी नेला. चार दिवस कानशीनं एकेक पाती घासत बसले. मुलीनं मला फोन करून विचारलं, "बाबा काय करलालेत? जेवायला उठंना झालेत." पाचव्या दिवशी त्यांनी तो आणला. पात्या एका उंचीच्या, कडा बोटाला लागणार नाहीत अशा. तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून इतका घासला होता की त्यात माझा चेहरा दिसत होता.

सुट्टीच्या वारी आम्ही दोघंच गेलो. माग बंद होते. मशिन आधी दहा मिनिटं चालवून गरम केलं, म्हणजे चिप आणि जुना पंखा यांच्यामधला वाळलेला लेप सैल होतो. मग बंद करून बोर्ड सगळा बाहेर काढला. पंखा दोन प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी धरला होता. बोर्डाच्या मागून त्यांची तोंडं पकडीनं दाबली की त्या सुटतात. मी पंखा वर ओढायला गेले. मास्तर म्हणाले, "उचकटू नको. दाताच्या डॉक्टरसारखं कर. हळू फिरव." मी फिरवला. एक क्षण काहीच झालं नाही, मग टक् असा आवाज आला; मला वाटलं, चिप फुटली. पण चिप शाबूत होती. तिच्यावरचा खडू झालेला लेप स्पिरिटनं पुसला, नवा लेप तांदळाच्या दाण्याएवढा लावला, फणी बसवली, कार्ड वरून अलगद सरकलं. मास्तरांनी मोजलेलं चुकत नसे.

मशिन सुरू केलं. पडदा आला. वीस मिनिटं झाली, तास झाला, अडकलं नाही. मी पात्यांवर बोट ठेवलं. गरम होत्या, पण बोट ठेवता येत होतं.

त्या खोलीत मी पहिल्यांदा शांतता ऐकली. बाहेर चिंचेवर कावळा होता, त्याचे पाय फांदीवर वाजले तेही कळलं. मी आनंदानं मास्तरांकडं बघितलं.

त्यांनी कानांतले बोळे काढले होते. मी त्यांना बोळ्यांशिवाय कधीच बघितलं नव्हतं. ते मान एका बाजूला करून बसले होते.

"चालू हाय?"

"चालू आहे की मास्तर. बघा पडदा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पत्र्याला लावला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. मग टेबलावर पडलेला जुना पंखा उचलून तळहातावर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"हा माझ्या हातात हाय," ते म्हणाले. "मग रडलालंय कोण?"

"कुणी नाही मास्तर. काही आवाज नाही."

"मशिन बंद कर."

केलं.

"ट्यूब बंद कर."

तीही केली. ते उठून अंगणात गेले, चिंचेखाली उभे राहिले, परत आले. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले. आणि तेव्हा त्यांना कळलं. मला त्यांच्या तोंडावर ते कळताना दिसलं, आणि ते मी बघायला नको होतं.

ते खाली फरशीवर बसले.

"म्हणजे ट्रान्सफॉर्मर पण न्हाय," ते म्हणाले. "मोटर पण न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बिड्डा, मी फ्रिज उगं विकला की. लेकरू उन्हाळ्यात गार पाणी मागत होतं."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी घेतलं नाही. सायकलसुद्धा न घेता, चालत घरी गेले.

संध्याकाळी मी वडिलांना विचारलं. आता आमची खोली बदलली होती, पण ते अजून त्याच खुर्चीत, दाराकडं तोंड करून बसायचे. मी ओरडून विचारलं, "आप्पा, तुमच्या कानात वाजतं का? सगळं शांत असताना?"

"वाजतंय की."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. तू शाळंत होतीस."

"मग सांगितलं का नाही कधी?"

आप्पांना माझा प्रश्नच कळला नाही. "त्यात काय सांगायचं? मागावरच्या सगळ्यांचंच वाजतंय. पाय दुखतेत तसं."

बावीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहिले. त्याच्या कानाशी ओरडले. आणि ओरडून सगळं मागितलं, हे एवढं कधी विचारलं नाही. कानाच्या डॉक्टरकडं आप्पांना नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, नस गेली आहे, ह्याला औषध नाही. सवय करून घ्यायची. आप्पा बाहेर येऊन मलाच म्हणाले, "सवय हाय की मला. तुला करून घ्यायची हाय."

मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी मशिनसमोर एकटी बसून डिझाइन काढायला लागले. चौथ्या दिवशी शेडमधल्या बाईनं सांगितलं, "मास्तर आतच हायत की. तुला ठाव न्हाय?"

मी शेडमध्ये गेले. चोवीस माग आदळत होते, पायाखालची फरशी हलत होती. अगदी मधल्या गल्लीत, खांबाला टेकून मास्तर बसले होते आणि कांड्या भरत होते. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं हे शेडमधलं सगळ्यात हलकं काम. नव्यानं आलेल्याला नाहीतर अगदी थकलेल्याला देतात. कानांत बोळे नव्हते.

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "मास्तर! हे काय? खोलीत चला!"

त्यांनी मान हलवली आणि मला खाली बसायची खूण केली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "हितं न्हाय येत."

"काय?"

"त्याचा आवाज. हितं ऐकू येत न्हाय. एवढी एकच जागा हाय."

"कान आणखी जातील मास्तर! ह्यानंच गेलेत ते!"

"व्हय," ते म्हणाले. "पण आत्ता न्हाय येत."

मी खूप सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, मुलीचं सांगितलं, डिझाइनचं सांगितलं. किती निघाल्या, कुठल्या राहिल्या. ते ऐकल्यासारखं करत कांडी भरत राहिले. माझं ओरडून झाल्यावर एवढंच बोलले, "तुला काढायच्या असल्या तर काढ. नसल्या तर नको काढू. माझं काय अडलं न्हाय आता." हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला चाललं असतं.

मी शब्द देऊन बसले होते, म्हणून काढत राहिले. सकाळी आल्यावर पात्यांवरून कुंचला फिरवायचा, मशिन सुरू करायचं, फाइल उघडायची, चित्र व्हायची वाट बघायची. एकेक डिझाइन पडद्यावर यायची: कमळाची, हत्तीची, नुसत्या रेघांची, एक कुठलीशी न विणलेली, तिच्यात छोटं लेकरू पाण्याच्या माठाशी उभं होतं. शेजारच्या शेडमधून मागांचा आवाज यायचा, आणि त्या आवाजात मास्तर बसलेले आहेत हे मला माहीत असायचं. दुपारी मी डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसायची. आम्ही बोलायचो नाही, तिथं बोलता येत नाही. काही दिवसांनी मी कानाशी ओरडले तरी ते माझ्या ओठांकडं बघायला लागले.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते तेव्हा माझं काम संपलं. मी पेन ड्राइव्ह नेऊन त्यांच्या हातात ठेवला आणि बोटांनी खूण केली, सगळ्या. त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला आणि पुढची कांडी घेतली.

खोलीत आता पॅकिंगचं टेबल आहे. मशिन मी मालकांकडून मागून घरी आणलं, अजून चालतं. मास्तरांच्या दोनशे ब्याण्णव डिझाइन बाहेर निघाल्या. एकही राहिली नाही.